फीची तारीख आणि प्लॉटचं गिऱ्हाईक

सांगली-साताऱ्याकडं प्लॉटला नेहमी एक निमित्त असतं. "हा धाकट्याच्या इंजिनिअरिंगला धरलाय." "हा पोरीच्या लग्नाला." दोन गुंठ्यांची चौकट, चार कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, मध्ये गाजरगवत, आणि घरात सगळ्यांना पाठ झालेलं एक वाक्य: पोरगं बारावी झालं की हा विकायचा. विश्रामबागच्या मागं, कुपवाड रस्त्याला, साताऱ्यात शाहूपुरी-गोडोलीच्या बाजूला, कराडात मलकापूरच्या अंगाला असे तुकडे कुणाच्या तरी पदवीसाठी पडून आहेत. माझं स्पष्ट मत आहे की मुलांच्या शिक्षणाचा पैसा जमिनीत ठेवू नये. जमिनीशी माझं वाकडं नाही. राहायला घर, कसायला रान, धंद्याला गाळा ज्याला जमेल त्यानं जरूर घ्यावा. पण फी भरायची तारीख ठरलेली असते, जमीन विकली जाण्याची ठरलेली नसते. या दोन गोष्टी एकमेकींच्या गळ्यात बांधल्या की ओढाताण मुलांची होते.

मी सांगलीत अकरावी-बारावीला शिकवते. निकाल लागला की पालक कॉलेजांची यादी घेऊन येतात, ऑप्शन फॉर्म कसा भरायचा विचारतात. पैशाचा विषय निघाला की कितीतरी जणांचं उत्तर ठरलेलं असतं: "त्याची काळजी नाही मॅडम, प्लॉट आहे." मला मात्र काळजी तिथूनच वाटायला लागते. सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेरीत नाव लागलं की जागा स्वीकारायला आणि कॉलेजात जाऊन फी भरायला मोजके दिवस हातात असतात. मुदत चुकली की जागा गेली. प्लॉटला गिऱ्हाईक शोधायचं, इसार घ्यायचा, मग त्याच्या वकिलाचा मालकी तपासणारा सर्च रिपोर्ट, मोजणी, तो कर्ज काढणार असेल तर बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर, आणि शेवटी खरेदीखत. सगळं सुरळीत असलं तरी दोन-तीन महिने कुठं गेले कळत नाही. आणि सुरळीत फार थोड्यांचं असतं.

त्यात हंगाम उलटा. आपल्याकडं जमिनीचं गिऱ्हाईक दसऱ्याला जागं होतं आणि गुढीपाडव्यापर्यंत फिरतं. उसाची बिलं, हळदीचे सौदे, सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याला बाहेर गेलेली आणि दिवाळीला गावाकडं आलेली खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी, सगळा पैसा त्याच सुमाराला हलतो. प्रवेश मात्र आषाढ, श्रावण, भाद्रपदात येतात. आषाढात आणि पितृपंधरवड्यात लोक खरेदी टाळतात. पावसाळ्यात काळ्या रानातल्या प्लॉटपर्यंत गाडी जात नाही, चालत जावं तर चप्पल चिखलात राहते. शामरावनगरसारख्या भागात पाणी साचलेल्या दिवसांत जागा दाखवायला नेणं म्हणजे आपल्या हातानं भाव पाडणं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. एरवी मुलांच्या प्रवेशाची धामधूम याच महिन्यांत असते. ज्या घरांनी नदीच्या अंगाची जागा "शिक्षणासाठी" म्हणून ठेवली होती, त्यांनी ती तेव्हा कुणाला विकायची?

तासगाव तालुक्यातले एक पालक आठवतात. मुलाला पुण्यात कॉम्प्युटरला जागा लागली होती. रबर लावलेली प्लॅस्टिकची फाइल मांडीवर घेऊन ते स्टाफरूमच्या बाहेर बसले होते. आत खरेदीच्या नोंदीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, एन.ए.चा म्हणजे बिगरशेतीचा आदेश, खरेदीखताच्या झेरॉक्स, सगळं व्यवस्थित लावलेलं. कागदांत काही खोट नव्हती. पाडव्याला एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, यांनी दोन लाख जास्त सांगितले आणि "बघू की, घाई काय" म्हणून सोडून दिलं. ऑगस्टमध्ये तेच गिऱ्हाईक परत आलं ते चार लाख कमी करून. मुलाचा नंबर लागलाय हे त्याला एजंटाकडून कळलं होतं. गावात अशी गोष्ट झाकून राहते थोडीच. यांनी प्लॉट दिला नाही, ओळखीतून दोन लाख व्याजानं घेतले, महिना शेकडा तीननं. चार महिन्यांचं व्याजच चोवीस हजार. दिवाळीनंतर प्लॉट गेला, पण पाडव्याला नाकारलेल्या भावापेक्षा कमीत. हा माणूस बेफिकीर नव्हता, अडाणी तर मुळीच नव्हता. त्यानं सगळं मुलासाठीच केलं होतं. त्याला गाठलं ते तारखेनं.

जमीन विकून शिकवायचं ही रीत आली कुठून, हेही बघायला हवं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या निर्णयानं आपल्याकडच्या असंख्य मुलांना दारं उघडली, हे मान्यच करायला हवं. पण त्याबरोबर डोनेशनही आलं. १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, एवढं ते माजलं होतं. डोनेशन एकगठ्ठा द्यायचं असे, आणि शेतकऱ्याच्या घरात एकगठ्ठा रक्कम उभी करून देणारी वस्तू एकच, जमीन. त्या काळाच्या हिशेबानं अर्धा एकर विकून मुलाला इंजिनिअर करणाऱ्या बापाचं गणित चुकलं नव्हतं. आज प्रवेश गुणांवर आणि फेऱ्यांमधून होतात, फी दर वर्षी भरायची असते, खोलीभाडं आणि मेस दर महिन्याला. खर्च चार-पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं येतो आणि प्लॉट जातो अखंड. पहिल्या वर्षाला पाव प्लॉट, दुसऱ्या वर्षाला पाव, असं विकता येत नाही. मग लाखभर रुपयांच्या पहिल्या हप्त्यासाठी पंचवीस लाखांची जागा घाईनं काढली जाते आणि उरलेला पैसा घरात आला की त्याला शंभर वाटा फुटतात. भावाची गाडी, घराचा स्लॅब, कुणाचं तरी देणं. तिसऱ्या वर्षाच्या फीला पुन्हा पळापळ.

कागदांचा भाग तर सांगलीला नव्यानं सांगायला नको. मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली जागा म्हणजे गुंठेवारी. ती सांगली-मिरज-कुपवाडइतकी कुणी भोगली असेल असं वाटत नाही. २००१ चा गुंठेवारी कायदा झाला, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट दिली. तरीही सामाईक सात-बारावर दहा-बारा नावं, हातात नोटरीचा कागद, अशा जागा आजही लोक "पोरांसाठी" सांभाळून आहेत. अशी जागा विकताना गिऱ्हाइकाला बँक कर्ज देत नाही, म्हणजे रोखीवाला शोधायचा. रोखीचा व्यवहार म्हटलं की सरकारी दराचा पैसा बँकेतून आणि वरचा पिशवीतून. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि तसा घेतलेला पैसा कॉलेजच्या फीला उघडपणे लावता येत नाही. मुलीला परदेशी पाठवायचं असेल तर बँक खात्यात दाखवता येईल असाच पैसा लागतो. पिशवीतला तिथं कामाला येत नाही.

वडिलोपार्जित जागा असेल तर बहिणींच्या, आत्यांच्या सह्या. त्यांचा हक्क आहे आणि त्यांनी तो मागितला तर त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. पण पुतण्याच्या कॅप फेरीच्या आठवड्यात तो वाटा मागितला गेला की घरं तुटतात, आणि त्याचा दोष मुलाच्या शिक्षणाच्या माथी बसतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हौसेनं मुलाच्या नावावर प्लॉट घेतला, तो अजून अठराचा नाही, आणि बारावीनंतर विकायची वेळ आली, तर आईबापांना तो परस्पर विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाच्या नावावरची स्थावर मालमत्ता विकायला न्यायालयाची आधी परवानगी लागते. बारावी पास झालेल्या कितीतरी मुलांना प्रवेशाच्या वेळी अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी असतात.

आता भावाबद्दल. "दहा वर्षांत दुप्पट झाला" हे आपल्याकडं अभिमानानं सांगितलं जातं. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के चक्रवाढ. समजा आज दहा लाखांचा प्लॉट घेतला. मुद्रांक, नोंदणी, वकील धरून वर सत्तर हजार गेले. दहा वर्षांनी वीस लाखांना विकला, एजंटाला दोन टक्के दिले. उरलेल्या नफ्यावर सध्याच्या नियमानं साडेबारा टक्के कर आणि उपकर, म्हणजे एक लाख पंधरा-सोळा हजार. हातात आले साधारण १८ लाख ४० हजार. गुंतवले होते १० लाख ७० हजार. वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडले. पीपीएफ सध्या ७.१ टक्के देतं आणि त्यावर कर नाही. मुलींसाठीच्या सुकन्या समृद्धी खात्यावर सध्या ८.२ टक्के आहेत. दोन्हीकडं वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे खरी, पण महिन्याला पगारातून आणि वर्षाला उसातून बाजूला टाकणाऱ्या घराला ती पुरते. चौपट झालेल्या प्लॉटची गोष्ट गावभर होते. होता त्याच भावात दहा वर्षं पडून राहिलेल्या प्लॉटची कुणी करत नाही, त्यामुळं आपल्याला दर प्लॉट चौपट होताना दिसतो.

कराचा एक नियम मला फार खटकतो. प्लॉट विकून त्या पैशात राहतं घर घेतलं तर काही अटींवर नफ्यावरचा कर माफ होतो. प्लॉट विकून मुलीची फी भरली तर माफ होत नाही. जमिनीतला पैसा पुन्हा विटा-सिमेंटमध्ये घाला, तुम्हाला सवलत. शिक्षणात घाला, कर भरा. विकलेल्या जागेतून थेट मान्यताप्राप्त संस्थेत भरलेली फी, एका मर्यादेपर्यंत, करातून वगळावी, ही मागणी इथल्या खासदारांनी दिल्लीत मांडायला काय हरकत आहे? बड्यांनी तिचा गैरफायदा घेऊ नये म्हणून मर्यादा घालता येईल.

फ्लॅट घेऊन भाड्यावर मुलं शिकवण्याचा बेत त्याहून कच्चा. चाळीस लाखांचा फ्लॅट, तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं, हप्ता सव्वीस हजार, भाडं दहा हजार. सोळा हजार दर महिन्याला खिशातून, आणि मूल कॉलेजात जाईल तेव्हाही कर्ज फिटलेलं नसतं.

सुरुवातीला जी दोन वाक्यं लिहिली, त्यातलं दुसरं मला जास्त बोचतं. मुलाचा प्लॉट शिक्षणाला आणि मुलीचा लग्नाला. जमिनीवर नाव लागताना मुलाचं लागतं, मोडताना "तिच्या लग्नासाठी मोडली" म्हणून आयुष्यभर ऐकवलं जातं. माझ्या वर्गातल्या हुशार मुली ऑप्शन फॉर्ममध्ये पुण्यातलं चांगलं कॉलेज खाली आणि घराजवळचं वर घालतात. विचारलं तर म्हणतात, "दादाला अजून दोन वर्षं आहेत ना मॅडम." प्लॉट एकच असतो आणि तो आधीच वाटला गेलेला असतो. महिन्याच्या महिन्याला दोघांच्या नावानं वेगळे टाकलेले पैसे असा भेद करत नाहीत. सुकन्या खात्यातला निम्मा पैसा मुलगी दहावी झाली किंवा अठराची झाली की शिक्षणासाठी काढता येतो, आणि खातं तिच्याच नावाचं असतं. तो तिच्या लग्नातल्या मांडवाकडं वळवण्याआधी घरातल्यांना निदान दोनदा विचार करावा लागतो.

मुलींच्या बाबतीत सरकारनंही एक चांगलं पाऊल टाकलं आहे, आणि ते खेड्यापाड्यांत पुरेसं पोचलेलं नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे ज्या मुलीसाठी बाप प्लॉटचं गिऱ्हाईक शोधत फिरतोय, तिच्या फीचा मोठा भाग कदाचित लागणारच नाही. लागेल ते उत्पन्नाचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढणं, आणि खोली-मेसचा खर्च. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. तहसील कार्यालयात जूनमध्ये लागणाऱ्या रांगेपेक्षा त्याआधीच हे कागद काढणं स्वस्त पडतं.

मग शिक्षण कर्ज. "पोराच्या डोक्यावर कर्ज नको" म्हणणारे पालक मला कळतात, त्यामागची माया खरी असते. पण त्याच घरावर प्लॉट घेताना काढलेलं पतसंस्थेचं कर्ज असतं, त्याला कुणी कर्ज म्हणत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षण कर्जाला तारण मागू नये अशी हमी योजना आहे. हप्ता अभ्यासक्रम संपून एक वर्षानंतर सुरू होतो. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय कर्ज मिळतं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असेपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत. मोठ्या कर्जाला, विशेषतः डीम्ड विद्यापीठातल्या मेडिकलला किंवा परदेशासाठी, तारण लागतंच. तिथं निर्वेध एन.ए. प्लॉट किंवा राहतं घर खरोखर कामाला येतं, न विकता. शेतजमिनीवर मात्र बँका हे कर्ज द्यायला राजी नसतात, कारण थकल्यावर वसुलीचा जो कायदा त्या वापरतात तो शेतजमिनीला लागू नाही. गुंठेवारीच्या कागदाचं तर नावच नको. शेतजमीन विकायची म्हटली तरी ती फक्त शेतकऱ्यालाच घेता येते, गिऱ्हाईक आधीच थोडं. आणि पोट भरणारं रान कॉलेजसाठी मोडू नये, हे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगते.

या दोन जिल्ह्यांत शिक्षण आणि जमीन यांचं नातं पूर्वी वेगळं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. ती मुलं त्यांच्या पोटची नव्हती. गावागावांत लोकांनी शाळेसाठी जागा दिल्या, सगळ्या गावाच्या पोरांसाठी. "कमवा आणि शिका" त्याच मातीतलं. आज आपण प्रत्येक जण आपल्या एकट्या मुलासाठी एक-एक तुकडा अडवून बसलो आहोत. त्या तुकड्यांमुळं शहराच्या कडेचे भाव चढतात आणि ज्या तरुण जोडप्याला खरंच घर बांधायचंय त्याला परवडत नाही. जिल्ह्याची बचत गाजरगवतात पडून राहते. माझ्या मते आपल्या सहकारी बँकांनी आणि साखर कारखान्यांनी इथं पुढं यायला हवं. उसाच्या बिलातून सभासदाच्या संमतीनं मुला-मुलीच्या नावे ठरावीक रक्कम शिक्षण ठेवीत वळती करायची, ती दहावीनंतरच आणि फीसाठीच मोडता यावी. कारखाना सोसायटीचं कर्ज बिलातून कापून घेतोच, तीच व्यवस्था पोरांच्या फीसाठी का वापरू नये?

ज्यांच्याकडं असा प्लॉट आधीच आहे त्यांना माझं सांगणं एवढंच की निर्णय मूल आठवी-नववीत असताना घ्या. सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवरची नावं, फेरफार, मोजणी, बहिणींच्या सह्या, गुंठेवारी नियमित करणं, हे सगळं त्या दोन वर्षांत. विकायचाच असेल तर दहावीच्या दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, घाई नसताना, पुऱ्या भावानं, सगळा पैसा बँकेतून. आलेली रक्कम वर्षावर्षाला मुदत संपेल अशा चार-पाच ठेवींत विभागून टाका, एकेका वर्षाच्या फीला एकेक. आणि मुलाला, मुलीला शेजारी बसवून आकडा सांगा. किती आहेत, कशासाठी आहेत, कमी पडले तर कर्ज किती काढायचं. ज्या मुलांना हा आकडा माहीत असतो ती फॉर्म भरताना वेगळी बसतात. कॉलेजची फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, कॅम्पसमधून लागणाऱ्या नोकऱ्या यांचे रकाने स्वतः आखतात आणि बापाच्या तोंडाकडं न बघता पहिला पर्याय लिहितात.